खून की सदोष मनुष्यवध? डिचोली-सत्तरीत मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली २२ वर्षं मी गोव्यात, डिचोलीत फौजदारी वकिली करते. माझ्याकडे येतात त्यांतल्या काहींच्या घरचं माणूस गेलेलं असतं, काहींच्या घरचं माणूस कोलवाळच्या तुरुंगात असतं. पहिला प्रश्न मात्र दोघांचा एकच: "बाई, हे तीनशे दोन होतं का?" उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि घाईत दिलेल्या उत्तराने माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या आशेवर किंवा चुकीच्या भीतीवर जगतात. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून ठेवते आहे.

'तीनशे दोन' बंद झालं म्हणतात. मग आता काय लागतं?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. सदोष मनुष्यवधाची व्याख्या पूर्वी कलम २९९ मध्ये होती, ती आता १०० मध्ये आहे. खुनाची व्याख्या ३०० वरून १०१ वर आली. खुनाची शिक्षा ३०२ ऐवजी १०३ मध्ये, खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाची शिक्षा ३०४ ऐवजी १०५ मध्ये. निष्काळजीपणाने झालेला मृत्यू, म्हणजे जुनं ३०४-अ, आता १०६. खुनाचा प्रयत्न ३०७ होता, तो १०९.

घटना कधी घडली ते बघायचं, तक्रार कधी दिली ते नव्हे. जून २०२४ मध्ये घडलेल्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागते, खटला कितीही वर्षं चालो. दोन्ही व्याख्यांची शब्दरचना जवळजवळ तशीच ठेवल्यामुळे जुने निवाडे आजही कामाला येतात.

गोव्यात पोर्तुगीज कायदा चालतो ना? मग इथे वेगळं काही आहे का?

नाही. लग्न, वारसा, मालमत्ता यांसाठी १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा आपल्याकडे चालतो. फौजदारी कायदा मात्र मुक्तीनंतर देशाचाच लागू झाला. खटला जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाकडे जातो आणि अपील पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे.

माणूस मारला म्हणजे खूनच ना? हा 'सदोष मनुष्यवध' कुठून आला?

कायद्याने आधी मोठं वर्तुळ काढलं आहे, ते सदोष मनुष्यवधाचं. एखाद्याच्या कृत्याने माणूस मेला आणि ते कृत्य करताना त्याच्या मनात पुढच्या तिन्हींपैकी एक गोष्ट असली, की तो त्या वर्तुळात आला: ठार मारायचा हेतू; किंवा जिने मरण येण्याचा संभव आहे अशी इजा करायचा हेतू; किंवा आपल्या कृत्याने कोणीतरी मरण्याचा संभव आहे ही जाणीव.

या मोठ्या वर्तुळाच्या आत खुनाचं लहान वर्तुळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये रायवरपू पुन्नय्या खटल्यात हे नीट मांडून दाखवलं: प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. म्हणून कोर्ट तीन पायऱ्यांनी जातं. आरोपीच्या कृत्याने मृत्यू झाला का? झाला असेल, तर तो सदोष मनुष्यवध आहे का? असेल, तर कलम १०१ च्या चार प्रकारांपैकी एखाद्यात बसतो का, आणि बसला तरी पाच अपवादांपैकी एखादा त्याला बाहेर काढतो का?

मृत्यू दोन्हीकडे सारखाच असतो. गेलेल्याच्या आईला हे पटवून देणं फार अवघड जातं, मला अजूनही जातं. कलम ठरतं ते मारणाऱ्याच्या मनात त्या घडीला काय होतं त्यावरून, आणि मनात काय होतं हे हत्यार, घाव, शब्द आणि त्याच्या हालचाली यांतूनच काढावं लागतं.

"मरण येण्याचा संभव" आणि "मरण येण्यास पुरेशी इजा". हे शब्द सारखेच वाटतात. फरक काय?

इथेच बहुतेक खटले जिंकले-हरले जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

सदोष मनुष्यवधात इजा अशी असते की माणूस मरू शकतो. खुनात इजा अशी असते की निसर्गाच्या नेहमीच्या क्रमाने तो मरणारच, वाचला तर नशीब. प्रश्न शक्यता किती दाट होती याचा आहे.

दीडशे वर्षांपूर्वीचा मुंबई उच्च न्यायालयाचा गोविंदा खटला आजही शिकवतात. १८७६ चा. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला लाथ मारून पाडलं, छातीवर गुडघा दाबला आणि तोंडावर दोन-तीन बुक्के मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती पोर मेली. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि प्रकरण न्यायमूर्ती मेल्विल यांच्याकडे गेलं. त्यांनी दोन्ही व्याख्या शेजारीशेजारी ठेवून तपासल्या आणि म्हटलं की ठार मारायचा हेतू दिसत नाही, आणि बुक्क्यांनी झालेली ती इजा सर्वसाधारणपणे मरण आणण्यास पुरेशी म्हणता येत नाही. म्हणून खून नाही, सदोष मनुष्यवध. तो निकाल वाचताना त्या मुलीसाठी आजही जीव तुटतो. पण कायद्याची रेघ कुठे आहे ते त्या निकालाइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसतं.

आता याच्या उलट, पुन्नय्या खटल्याचंच घ्या. गावातल्या राजकीय वैरातून एका माणसाला बसमधून ओढून काढून जाड काठ्यांनी मारलं. मार सगळा हातापायांवर. डोकं, छाती, पोट यांना धक्का नाही. बचावाचं म्हणणं होतं, ठार मारायचं असतं तर डोक्यावर मारलं नसतं का? पण एकोणीस जखमा होत्या, हाडं मोडली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. उच्च न्यायालयाने खुनाचं कलम उतरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते परत लावलं. ठरवून, इतक्या जोराने, इतका मार दिला की एकत्रितपणे तो मरण आणण्यास पुरेसा झाला. तेव्हा "पायांवरच मारलं हो" म्हणून कोणी निश्चिंत राहू नये.

एकच घाव होता. एका घावाला खून कसं म्हणतात?

म्हणतात. १९५८ च्या विरसा सिंग खटल्यात भाल्याचा एकच वार होता, पोटात. आतडी बाहेर आली, माणूस दुसऱ्या दिवशी गेला. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी घालून दिलेली रीत आजही चालते. इजा झाली का? ती कोणत्या प्रकारची? आरोपीला नेमकी हीच इजा करायची होती का, की ती चुकून, वार निसटून झाली? आणि अशी इजा सर्वसाधारणपणे मरण आणण्यास पुरेशी आहे का? शेवटचा प्रश्न डॉक्टरांच्या साक्षीवर सुटतो. "मला तो मरायला नको होता" या म्हणण्याने इथे फरक पडत नाही. पोटात भाला खुपसायचा होता ना, एवढं पुरतं.

हेतू कशावरून ओळखायचा, याच्या खुणा सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पुलिचेर्ला नागराजू खटल्यात मोजून दाखवल्या आहेत. त्यातली मी पक्षकाराला आधी विचारते ती ही: हत्यार बरोबर आणलं होतं की तिथेच हाताला लागलं? आपल्याकडे ही गोष्ट फार निर्णायक ठरते. काजूच्या बागायतीत काम करणाऱ्या माणसाच्या कमरेला कोयता असतोच, तो त्याच्या अंगाचा भागच. त्याच्या हातात कोयता होता यावरून तयारी सिद्ध होत नाही. पण रात्री नऊला तियात्र किंवा नाटक बघायला आलेल्याच्या कमरेला कोयता का होता, हे कोर्ट विचारणारच.

भांडण एकाएकी पेटलं. आधी काही ठरलेलं नव्हतं. तरी खून?

कलम १०१ चा चौथा अपवाद याचसाठी आहे. पूर्वनियोजन नसावं, अचानक उद्भवलेल्या भांडणात, रागाच्या भरात मारामारी झालेली असावी, आणि मारणाऱ्याने गैरफायदा घेतलेला नसावा किंवा क्रूरपणा केलेला नसावा. या सगळ्या गोष्टी एकत्र जमल्या तरच खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. सुरुवात कोणी केली हे इथे बघत नाहीत.

समजा, दोन घरांच्या मेरेवर, म्हणजे हद्दीवर, एक माड आहे. नारळ कोणाचे यावरून सकाळी बाचाबाची होते, एकजण दुसऱ्याला ढकलतो, दुसरा पडलेला चुडतेचा (माडाच्या झावळीचा) दांडा उचलून डोक्यावर घालतो. पहिला तीन दिवसांनी मरतो. इथे चौथ्या अपवादाला जागा आहे. आता त्याच गोष्टीत दुसरा घरात गेला, माळ्यावरून कोयता काढला, परत अंगणात आला आणि पाठ फिरवून चाललेल्या माणसाच्या मानेवर घातला. पाच मिनिटांचाच फरक, पण अपवाद गेला.

चिथावणीचा अपवाद वेगळा, पहिला. चिथावणी गंभीरही हवी आणि अचानकही हवी. नौदल अधिकारी कावस नानावटी यांचा १९५९ चा खटला बहुतेकांनी ऐकलेला असतो. पत्नीची परपुरुषाशी संबंध असल्याची कबुली ऐकल्यावर त्यांनी तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग त्या माणसाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. मध्ये जवळजवळ तीन तास गेले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एवढा वेळ भानावर यायला पुरेसा होता. खुनाची शिक्षा कायम राहिली.

दारूच्या नशेत होता. शुद्ध नव्हती. सूट मिळेल का?

आपण होऊन प्यालेल्याला, नाही. जत्रेत, लग्नात, उर्राकच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत घडलेल्या प्रकरणांत हा प्रश्न हमखास येतो, म्हणून स्पष्ट सांगते. कायदा असं धरून चालतो की प्यालेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव होती. हेतू ठरवताना नशा किती होती ते बघतात, पण ताबा सुटला होता एवढ्याने भागत नाही. हेतू धरताच येऊ नये इतकी बुद्धी गेली होती हे दिसावं लागतं. १९५६ च्या बासदेव खटल्यात एका लग्नघरी निवृत्त जमादाराने जागेवरून सरकला नाही म्हणून एका पोरावर पिस्तूल झाडलं. तो बराच प्यायलेला होता, पण चालत होता, बोलत होता. खूनच ठरला. कोणी फसवून किंवा जबरदस्तीने पाजली असेल तर गोष्ट निराळी.

दारू पिऊन गाडी चालवली आणि माणसं गेली. तो अपघात की सदोष मनुष्यवध?

साधा निष्काळजीपणा असेल तर कलम १०६: जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड. इथे हेतूही नसतो, जाणीवही नसते, फक्त हयगय असते. पण माणूस इतका प्यालेला असेल, इतक्या वेगात असेल, की कोणीतरी मरेल हे त्याला कळत असणारच असं पुराव्यावरून दिसलं, तर जाणिवेचा भाग येतो आणि प्रकरण १०५ मध्ये जातं. मुंबईत कार्टर रोडवर २००६ मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. त्या अॅलिस्टर परेरा खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधच धरला. शिक्षा मात्र तीन वर्षांची कायम राहिली.

यासाठी रक्ताचा नमुना वेळेवर घेणं सगळ्यांत महत्त्वाचं. तो उशिरा घेतला की पुढचं सगळं पोकळ होतं. जखमीच्या नातेवाइकांनी पहिल्याच रात्री चौकशी करावी की चालकाची तपासणी झाली का, किती वाजता झाली.

धडक देऊन पळून जाणाऱ्याला दहा वर्षं, ही १०६ (२) ची तरतूद संहितेत छापलेली आहे, पण संहिता लागू करताना ती बाजूला ठेवली गेली.

रानडुकरांसाठी कुंपणाला वीज सोडली होती, किंवा डुक्कर समजून गोळी झाडली. माणूस मेला. हे काय?

सत्तरी, पेडणे, सांगे या भागांत हा प्रश्न खरोखर येतो. शेत वाचवणाऱ्या माणसाचं दुःख मला कळतं. एका रात्रीत कणगरांची (कंदांची) सगळी लागवड उकरलेली मी पाहिली आहे. तरी उघड्या तारेत वीज सोडणं हा बचाव नव्हे. १९६४ च्या चेरुबिन ग्रेगरी खटल्यात माणसाने संडासाच्या वाटेवर घुसखोर येऊ नयेत म्हणून उघडी जिवंत तार लावली, एक बाई मेली. निष्काळजीपणाने मृत्यू धरला गेला आणि "माझी जागा, माझी मालमत्ता" हा युक्तिवाद फेटाळला गेला. पण तार गावाच्या रोजच्या पायवाटेवर असेल, लोकांनी आधी सांगितलं असेल आणि तरी सोडली असेल, तर जाणीव होती असं म्हणून सरकार पक्ष १०५ पर्यंत जाऊ शकतो.

गोळीच्या बाबतीत, झुडपामागे माणूस आहे हे माहीतच नसेल तर सदोष मनुष्यवध होत नाही. संहितेतच कोंबडीवर झाडलेल्या गोळीचं असं उदाहरण आहे. मात्र निष्काळजीपणाचं कलम लागू शकतं, आणि शिकारीचा वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा वेगळाच.

जखमी दहा दिवसांनी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) वारला. "उपचार नीट झाले नाहीत" म्हणून आरोपी सुटेल?

नाही. योग्य उपचारांनी जीव वाचला असता, तरीही ज्याने इजा केली त्यानेच मृत्यू घडवला असं कलम १०० चं स्पष्टीकरण सांगतं. आधीचा आजार असलेल्या माणसाचं मरण इजेमुळे लवकर आलं, तरीही तसंच. जखमी असताना १०९ ने नोंदवलेला गुन्हा मृत्यूनंतर १०३ किंवा १०५ मध्ये बदलला जातो.

त्या दहा दिवसांत जखमी बोलू शकत असेल तर त्याचा जबाब घेतला जाईल हे बघा. मृत्यूपूर्व जबाब डॉक्टर, दंडाधिकारी, पोलिस, अगदी नातेवाईक यांच्यापुढेही देता येतो. दंडाधिकाऱ्यांपुढचा सगळ्यांत भक्कम.

मारायचा होता एकाला, मेला दुसराच.

कलम १०२. हेतू तोच धरतात, माणूस बदलला म्हणून गुन्हा हलका होत नाही.

शिक्षेत फरक किती?

खुनाला फाशी किंवा जन्मठेप, आणि दंड. त्याखाली जाता येत नाही. कलम १०५ चे दोन भाग आहेत. हेतू असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं. पाच वर्षांचा किमान आकडा नव्या संहितेने घातला. फक्त जाणीव असेल तर जास्तीत जास्त दहा वर्षं, किमान काही नाही. घरच्यांच्या दृष्टीने हा फरक म्हणजे मुलगा पस्तिशीत परत येईल की कधी येईल कोणी सांगू शकत नाही, असा आहे. दोन्ही गुन्हे अजामीनपात्र आहेत.

पोलिसांनी १०५ लावलंय. आम्हांला १०३ हवंय. कलम कोण ठरवतं?

एफआयआरवरचा आकडा म्हणजे पोलिसांचा पहिला अंदाज. आरोपपत्रात तो बदलू शकतो. आरोप निश्चित करतं सत्र न्यायालय, आणि निकालाच्या आधी केव्हाही ते आरोप बदलू शकतं. खुनाच्या आरोपावर खटला चालून शेवटी सदोष मनुष्यवधाची शिक्षा होणं नेहमीचंच आहे. तेव्हा आकड्यासाठी पोलिस ठाण्यावर मोर्चा नेण्यापेक्षा पहिल्या जबाबात काय लिहिलं जातंय तिकडे लक्ष द्या. हे मी कळकळीने सांगते, आणि त्याला कारण आहे.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका विधवेच्या बाजूने सरकारी वकिलांना मदत करत होते. तिच्या नवऱ्याला शेजाऱ्याने अंगणात मारलं होतं. ती पोलिसांना म्हणाली होती, "तो घरात गेलो, दांडो घेवन आयलो आनी मारलो." जबाब इंग्रजीत लिहिला गेला आणि त्यात एवढंच आलं की आरोपीने दांडा घेतला व मारला. "घरात गेला" हे दोन शब्द गळले. दोन वर्षांनी ती साक्षीच्या पिंजऱ्यात पुन्हा तेच बोलली. बचावाच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं ना? जबाबात तर नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. कोर्टाने तेवढ्या भागावर विश्वास ठेवला नाही, भांडण अचानक धरलं, चौथा अपवाद दिला. ती खोटं बोलत नव्हती हे मला तेव्हाही माहीत होतं.

म्हणून: फिर्याद वाचून दाखवणं पोलिसांना बंधनकारक आहे आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. इंग्रजी येत नसेल तर कोंकणीत किंवा मराठीत अर्थ सांगायला लावा, घाई करू नका. कोण कुठून आला, हातात काय होतं, ते कुठून आणलं, किती वेळ गेला, तोंडाने नेमकं काय म्हणाला, किती घाव, कुठे. शब्द जसे उच्चारले तसेच सांगा. "जितो सोडचो ना" (जिवंत सोडणार नाही) असं एखादा रागाने रोज म्हणत असेल, एखादा त्याच दिवशी म्हणाला असेल. दोन्हींचं वजन वेगळं, आणि ते भाषांतरात हरवू द्यायचं नाही. जबाबात काही राहिलं असं वाटलं तर दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब नोंदवण्याची मागणी करा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं असतं. नाही कळवलं तर लेखी विचारा.

आमच्या मुलाने स्वतःला वाचवताना मारलं. हे कोणी सिद्ध करायचं?

खून झाला हे सरकार पक्षाने निःसंशय सिद्ध करायचं. अपवादात बसतो हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर, पण त्याला तेवढा कडक पुरावा लागत नाही. आपलं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढं दिसलं की पुरे, आणि ते सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही दाखवता येतं. मुलाला जखमा असतील तर अटकेच्या वेळी वैद्यकीय तपासणीत त्या नोंदवायला लावा. बचावाचा हक्क पूर्ण बसला तर गुन्हाच नाही. चांगल्या भावनेने पण मर्यादा ओलांडली गेली तर दुसरा अपवाद, म्हणजे सदोष मनुष्यवध.

गावात देवळासमोर बसून मिटवता येईल का?

नाही. १०३ आणि १०५ दोन्हींत तडजोडीला परवानगी नाही. पैसे देऊन साक्ष फिरवायला लावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. दोन्हीकडच्यांना मी हे पहिल्याच भेटीत सांगते.

वकील परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. मृताच्या कुटुंबाला त्याच प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, आरोपी सापडला नसला तरीही. आणि खुनाऐवजी हलक्या कलमाखाली शिक्षा झाली, तर त्याविरुद्ध कुटुंबाला स्वतः अपील करता येतं, सरकारने केलं नाही तरी. निकालाची प्रत हातात आली की लगेच हालचाल करा, कारण मुदत धावायला लागलेली असते.